मोदी, जात, अरेंज्ड मॅरेज: एकदाच सांगून टाकते

इथे जर्मनीत भारतीय माणसाशी ओळख झाली की पाच-सात मिनिटांत तीन प्रश्न येतातच. मोदी आवडतात का, तुमच्यात जातपात अजून आहे का, आणि लग्न आईवडिलांनी ठरवलं का. क्रम इकडचा तिकडे होतो, प्रश्न तेच. इतकी वर्षं स्टुटगार्टात काढली, हसून टाळायची सवय झाली होती, पण मागच्या शनिवारी बिल्डिंगच्या अंगणात ग्रिलपार्टी होती तिथे माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या मजल्यावरचे रिटायर्ड काका. माणूस भला आहे हो, आमची पार्सलं घेऊन ठेवतात, आम्ही गावाला गेलो की बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालतात. मी नेलेली पुरी-भाजी खाता खाता त्यांनी विचारलं, तुमच्याकडे लोकशाहीचं आता कसं काय, आणि तू स्वतः कुणाची? मी म्हणलं सांगते की, पण आधी तुम्ही सांगा, गेल्या संसदेच्या निवडणुकीत तुम्ही कुणाला मत दिलं? काका गप्प. मग हसून म्हणाले, ते गुप्त असतं. त्यांच्या बायकोने तर असा चेहरा केला की मी जसा काही त्यांचा पगार विचारला (पगारही विचारायचा नसतो, तेही इथे आल्यावरच शिकले).

म्हणजे बघा ना, माझं मत चव्हाट्यावर आणि यांचं मतपेटीत! फेब्रुवारी 2025 च्या निवडणुकीत एएफडी या कट्टर उजव्या पक्षाला 20.8 टक्के मतं पडली, देशात दुसरा नंबर. आमच्यासारखे बाहेरून आलेले लोक हाच ज्या पक्षाचा मुख्य विषय, त्याला पाचातल्या एकाने मत दिलंय. पण मी दिलं असं सांगणारा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही, ऑफिसात नाही, मुलाच्या शाळेत नाही, डॉक्टरकडे वेटिंग रूममध्येही नाही. मग टाकली कुणी ही मतं? रोज जिन्यात हॅलो म्हणणाऱ्यांपैकीच कुणीतरी असणार ना. मी कुणावर संशय घेत नाहीये, पण ट्राममध्ये उभी असले की आपोआप माणसं मोजली जातात, एक दोन तीन चार पाच, आणि मग स्वतःचाच राग येतो. आणि हेच लोक मला विचारणार की तुमच्या देशात अल्पसंख्याकांचं कसं चाललंय. प्रश्न चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही, उलट आमच्या घरी त्यावर जोरदार भांडणं होतात. पण विचारायचं एकाने आणि उत्तर द्यायचं दुसऱ्यानेच, हा कुठला न्याय?

आपल्या इंदूरला असं नाही. सकाळी सातला पोह्यांच्या ठेल्यावर उभं राहा, पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरेपर्यंत शेजारचा भिया, म्हणजे भाऊ, कुठल्या पार्टीचा ते कळतं, त्याचा मेहुणा कुठल्या पार्टीचा तेही कळतं. हो, हल्ली तेवढी मजा राहिलेली नाही, आमच्याच फॅमिली ग्रुपवर दोन मामा एकमेकांशी बोलत नाहीत, ठाऊक आहे मला. पण निदान कोण कुठे आहे ते माहीत तर असतं.

सरकारी कागदाची तऱ्हा वेगळीच. इथे आल्यावर पत्ता नोंदवायला गेलं की धर्माचा रकाना असतो, कारण चर्चचे सभासद असाल तर चर्चचा कर कापतात, आमच्या राज्यात इन्कम टॅक्सच्या 8 टक्के, बहुतेक बाकी राज्यांत 9. हिंदूंसाठी असा काही कर नाही, त्यामुळे त्या रकान्यात माझ्यापुढे नुसती रेघ. घरात देव्हारा, चतुर्थीला उपास, आणि जर्मन सरकारच्या लेखी मी कसलीच नाही. पैसे वाचले म्हणून नवरा खूश.

तर मी कोण, ते तुम्हालाच सांगते, काकांना जर्मनमध्ये सांगायचं तर रात्र जाईल. घर इंदूरच्या रामबागेत. आजोबा हुकुमचंद मिलमध्ये हिशेबनीस, पण मनाने पक्के लाल बावट्याचे, 1962 ला कामगार नेते होमी दाजी इंदूरहून लोकसभेवर निवडून गेले ते आपल्याच मताने गेले असं ते शेवटपर्यंत सांगायचे. बाबा शाखेत जाणारे, 1989 ला भाजपच्या ताईंनी, म्हणजे सुमित्रा महाजनांनी, काँग्रेसच्या प्रकाशचंद्र सेठींना पाडलं त्या रात्री रस्त्यावर नाचलेले, आणि तेव्हापासून 2014 पर्यंत ताई आठ वेळा जिंकल्या ते आठही वेळा बाबा बूथवर. आईचंही मत ताईंनाच, पण ताई आपल्या मराठी म्हणून, बाबांच्या पार्टीशी तिला काही घेणंदेणं नाही. आजोबा आणि बाबा एकाच पंगतीत बसून भांडायचे आणि अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला एकत्र जायचे.

मिल 1991 ला बंद पडली. कामगारांचे थकलेले पैसे मिळायला डिसेंबर 2023 उजाडला. आजोबा तोवर गेले होते, ते जाऊ दे. पण कामगाराला त्याच्या हक्काच्या पैशासाठी तीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लागू नयेत, हे माझं राजकीय मत आहे, त्याला डावं म्हणा नाहीतर उजवं. बाकी बाबतीत मी बरीचशी बाबांवर गेले आहे, देशाविषयी कुणी वाकडं बोललं की माझा आवाज चढतो, नवरा टेबलाखालून पाय दाबतो.

सामाजिक मतांचं म्हणाल तर, लग्न ठरवूनच केलं, पोहे-जिलबी खाऊन, आणि सुखात आहे, यात इथल्या लोकांना एवढं वाईट वाटण्यासारखं काय आहे मला कळत नाही. हुंडा दिला नाही. वडिलोपार्जित घरात मुलीचा वाटा मुलाइतकाच असा कायदा 2005 पासून आहे, तरी रामबागेच्या घराची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की परदेशातली ताई हकत्याग करणार. मी सही केली नाही. भाऊ चार महिने नीट बोलला नाही. मला त्या घराची गरज नाही, खरंय, पण मग गरज नसलेल्या भावांना कुणी कधी सही करायला सांगतं का?

आणि जात. यावर मी काकांशी एक बोलते आणि घरी एक, ते सांगूनच टाकते. आमच्या बिल्डिंगमध्ये इथल्या रिवाजाप्रमाणे केअरवोखे असतो, ज्याची पाळी त्याच्या दाराच्या हँडलला पाटी अडकवतात, मग आठवडाभर जिना, तळघराची वाट आणि पुढचा फुटपाथ त्या घराने झाडायचा. डॉक्टर असो की पेन्शनर, कुणालाच सुटका नाही. आई आली होती तेव्हा आमची पाळी होती. मी जिना पुसत तळमजल्यापर्यंत आले, आई वरून कठड्याला धरून बघतेय, आणि म्हणते कशी, "अगं एवढं शिकून हे काय, एखादी बाई लाव ना. आणि कोणी ओळखीचं आलं तर?" घराची फरशी ती स्वतः रोज पुसते, गुडघे दुखत असताना पुसते. जिना मात्र सगळ्यांचा, आणि सगळ्यांचं ते दुसऱ्या कुणीतरी झाडायचं. तो दुसरा कोण, कुठल्या वस्तीतला, त्याच्या घरात पिढ्यानपिढ्या हेच काम का, हे आमच्या घरात कधी कुणी विचारलंच नव्हतं. त्या दिवशी मी विचारलं. आईने विषय बदलला, मी पुन्हा विचारलं, मग दोघी रात्री न बोलता जेवलो.

काकांनी मात्र जातीचं विचारलं की मी त्यांना इंदूर सांगते. 2017 पासून सलग सात वेळा देशात स्वच्छतेत पहिला नंबर, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, रोज 550 टन ओल्या कचऱ्यातून गॅस काढायचा प्लांट, त्या गॅसवर सिटी बस. काका थक्क. जिन्यावरची गोष्ट मी त्यांना सांगत नाही आणि सांगणारही नाही. घरचं भांडण घरात, आणि ते मी करतेय, मन लावून करतेय.

मतदानाचं म्हणाल तर सगळाच आनंद. इथे युरोपियन युनियनबाहेरच्या पासपोर्टवर साध्या महापालिकेलाही मत देता येत नाही. तिकडे मतदार यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायचं तर त्या दिवशी बूथवर स्वतः हजर पाहिजे. 2024 ला इंदूरला काँग्रेसच्या उमेदवाराने ऐन वेळी अर्ज मागे घेतला आणि नोटाला 2,18,674 मतं पडली, तेव्हा मी इथे फोनवर आकडे बघत बसले होते. मी असते तर काय केलं असतं? बाबांना आवडणार नाही, पण मीही तेच बटण दाबलं असतं.

एकच मत मला इथे आहे, ते कंपनीतल्या कामगार मंडळाचं. दर चार वर्षांनी निवडणूक, पासपोर्ट कुठला ते कुणी बघत नाही. 2022 ला मत दिलं, त्यानंतरची 2026 च्या वसंतात. गाड्यांच्या धंद्यात सध्या नोकरकपातीचं वारं आहे, त्यामुळे या वेळी जोर आहे, आणि आमच्या डिपार्टमेंटच्या लोकांनी मलाच उभं राहा म्हणून धरलंय. पत्रकावर फोटोखाली दोन ओळी लिहायच्या, तुम्ही कोण आणि तुमची भूमिका काय. मी लिहिलं, "इंदूरची आहे. काढायचंच असेल तर आधी हिशोब चुकता करा, मग काढा." आईला फोनवर वाचून दाखवलं तर म्हणाली, आजोबांवर गेलीस. मागून बाबांचा आवाज, "आधी पार्टी कुठली ते विचार तिला!"