उंच कमरेची दोन प्लेटांची पँट, नोंद ४: प्लेट मिटली!

प्लेट म्हणजे कमरपट्टीखालची घडी. तिसऱ्या मांजरपाटात (साध्या कापडावर शिवलेल्या चाचणीच्या पँटमध्ये) ती मिटली. उभं राहून मिटली आणि बसल्यावरही मिटलेलीच राहिली. मागच्या नोंदीतल्या फोटोत तीच प्लेट खिशासकट आ वासून होती.

दोष प्लेटचा नव्हता, मूळ ड्राफ्टचा (कागदावरच्या आराखड्याचा) होता. २०००च्या दशकातल्या अंगाला चिकटणाऱ्या फिटिंगचा ड्राफ्ट घेतलेला: आसन (कमरेपासून जांघेपर्यंतची उंची) २४ सेंमी, सीटला (नितंबांच्या घेराला) सैलपणा जेमतेम ४. आसन ३० केलं, क्रीजच्या रेषेवर कागद कापून कमरेला ३.५ सेंमी उघडला आणि ती पाचर सीटच्या रेषेवर शून्याला आणली. म्हणजे जादा कापड फक्त कमरेला आलं, सीट होती तितकीच तंग राहिली. तंग सीट कापड आडवं ओढते आणि सगळ्यात आधी प्लेट हार मानते. तिच्यावर कच्चे टाके घालून उपयोग नाही. टाके उसवले की पुन्हा तेच.

कमी किती पडतंय हे कळायला बाजूची शिलाई कमरेपासून सीटपर्यंत उसवा. कडा आपोआप फाकतात. इथे प्रत्येक बाजूला २.२ सेंमी फाकल्या. मग पाचरीचं टोक खाली न्यायचं. गुडघ्यावर शून्य केलं तर सीटला २.१ सेंमी मिळतात, थोडक्यात हुकतं. थेट मोहरीवर (पायाच्या खालच्या कडेवर) नेलं की २.७. मोहरी तेवढीच राहते आणि मांडीलाही जागा होते. दुसरी प्लेट २ सेंमीची, पहिली आणि बाजूच्या शिलाईच्या मधोमध. ती मात्र सीटच्या वरच संपवली.

एवढ्याने उभ्याचं काम झालं. बसल्यावर मागची कमरपट्टी खाली ओढली जाऊन प्लेट परत उघडायची. कारण मागचं आसन आखूड. मागच्या भागावर सीटच्या रेषेत, मधल्या शिलाईकडून बाजूकडे काप दिला, बाजूला टोक न कापता बिजागरी ठेवली आणि मध्ये २ सेंमी उघडला. सुटला प्रश्न.

प्लेटची बदनामी झाली ती कंबर खाली घसरल्यावर, असं आता पक्कं वाटतं. ८०च्या दशकात इटालियन डिझायनर आर्मानीच्या सैल सुटांबरोबर ती परतली तेव्हा सीटलाही ऐसपैस कापड होतं. पुढे कंबर खाली आली, सीट आवळली आणि प्लेट तेवढी उरली. तिला लटकायला उंची हवी.

याचा एक फायदा अनपेक्षित निघाला. कमरेच्या खाली बसणाऱ्या पँटला पट्टी गोलाईत कापावी लागते, कारण ती उतारावर बसते. खऱ्या कमरेवर मात्र सरळ पट्टी चालते. ४ सेंमीची सरळ पट्टी, आत बकरम (ताठपणासाठीचं कडक कापड), काम निम्म्यावर आलं.

लिहिता लिहिता बेल्टचे लूप रद्द. बेल्ट आवळला की पट्टीखाली चुण्या येतात. त्याऐवजी गॅलिसची (खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्यांची) ६ बटणं: पुढे दोन्ही बाजूंना दोन-दोन, त्यातलं एक नेमकं पहिल्या प्लेटच्या वर, आणि मागे दोन. कंबर २ सेंमी सैल ठेवायची, वजन खांद्यांवर जाईल.

मग मोहरीला फोल्डही हवाच. ४.५ सेंमीच्या फोल्डला तयार लांबीच्या खाली १२ सेंमी कापड लागतं: दुप्पट ९, वर आत दुमडायला ३. ब्रिटनमध्ये युद्धकाळात, १९४२ मध्ये, कापड वाचवायला फोल्डवर बंदी आली होती ती या हिशेबामुळेच. इथे तो शोभेपेक्षा वजनासाठी आहे, क्रीज ताठ पडते.

कापड ३४० ग्रॅमचं लोकरी फ्लॅनेल. २४० ग्रॅमच्यात प्लेट फुगून राहते. वजन न सांगता ‘सुटिंग’ म्हणून विकणाऱ्यांकडून काही घेऊ नका. खुणांना साधा चपटा खडू. इस्त्रीने उडणाऱ्या शाईचा गडद लोकरीवर पांढुरका माग राहतो.

कापायच्या आधी फ्लॅनेल वाफेने आटवून घेतोय. बाजूच्या शिलाईला २.५ सेंमी माया (शिलाईबाहेर सोडलेलं जादा कापड), मागच्या मधल्या शिलाईला वर ४.