थापडीचा रकाना

कौटुंबिक हिंसाचारावरील आमच्या प्रश्नावलीची चाचणी घ्यायला आम्ही शिंदखेडा तालुक्यातील एका गावी गेलो, तेव्हा कापसाची वेचणी ऐन भरात होती आणि बाया घरी सापडणेच मुश्कील होते. माझा विषय अर्थशास्त्र; आकडे हाती आल्यावर त्यांचे विश्लेषण करायचे, ते जमतात कसे हे पाहण्याची तोवर वेळ आली नव्हती.

पंचायतीत महिलांना आरक्षण मिळाल्यावर स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांच्या नोंदी सुमारे ४६ टक्क्यांनी वाढल्या, आणि त्या अत्याचार वाढल्यामुळे नव्हे तर तक्रारी पुढे आल्यामुळे वाढल्या, असे अर्थतज्ज्ञ लक्ष्मी अय्यर व सहकाऱ्यांनी २०१२ साली मांडले. हे मी वर्गात अनेकदा शिकवले आहे. म्हणूनच पोलीस ठाण्यातील नोंदींवर न विसंबता घरोघर विचारायचे ठरवले होते.

तिसऱ्या घरी पस्तिशीतली एक बाई शेंगा निवडत होती. "नवरा मारहाण करतो का?" हा पहिला प्रश्न मीच हट्टाने घातलेला. "नही वं ताई," ती म्हणाली. मी शून्य लिहिले. पुढचे प्रश्न राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या धर्तीवर एकेका कृतीचे नाव घेणारे होते. थापड? "ती तं देसच कदीमदी." तिच्या लेखी मार म्हणजे दवाखाना गाठावा लागणे. माझा पहिला प्रश्न तिथेच बाद झाला.

लाथेचा प्रश्न विचारला आणि सासूबाई येऊन ओट्यावर बसल्या. अशा वेळी विषय बदलायचा, हा नियमच आहे, कारण उत्तराची किंमत आमच्यामागे त्या बाईलाच मोजावी लागते. मी प्रश्नावलीतले पाण्याविषयीचे पान उघडले. नळ किती दिवसांनी येतो, यावर सासूबाईंनीच मनसोक्त सांगितले. शेळी सुटली म्हणून त्या उठल्या, तशी ही शेंगांवरची नजर न हलवता म्हणाली, "लाथनं राहिनं ना तुमनं." उत्तर होकारार्थी होते.

शेवटचा प्रश्न, हे कोणाला सांगितले का. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हिंसा सोसलेल्या सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली होती, ना कोणाला सांगितले होते. ती हसली. आत्ता तुम्हांला सांगितले की, म्हणाली. फॉर्मवर माहेर, सासर, शेजारी, पोलीस असे रकाने होते, आमचा नव्हता. मी 'कोणालाही नाही' यावर खूण केली.