आमची वाटचाल : आधी स्वयंपाकघराची पाटी

मासळीच्या दुकानाला लागून चार टेबलं टाकली की लोकांच्या मनात पहिली शंका कोणती येते, हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा. 'दुकानात खपलं नाही, ते ताटात येत असणार.' तोंडावर कुणी बोलत नाही, पण मेनूकार्ड उघडताना नजर बर्फावरच्या सुरमईकडे जाते आणि परत येते, ती नजर आम्ही ओळखतो. अलिबागला आमचं दुकान २००६ साली सुरू झालं. टेबलं टाकल्यापासून आमचा एकच नियम आहे, तो लिहून ठेवावा म्हणून हा प्रपंच. शटर वर जायच्या आधी स्वयंपाकघराची पाटी, म्हणजे मासळीची टोपली, भरते, दुकानाची त्यानंतर. ताटात उरलेली मासळी जात नाही, सकाळची पहिली निवड जाते. हे मी हजार वेळा सांगितलं असेल, आणि तरीही एका माणसाने दोन महिन्यांत ते पुसून टाकायचा प्रयत्न केला. त्याच्याबद्दल पुढे येईलच.

मी मूळचा मासळीवाला नाही. अकरा वर्षं बर्फाच्या कारखान्यात होतो. अमोनियाच्या मशिनवर, मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या डब्यांतून लाद्या काढायच्या, आकड्याने ओढायच्या, टेम्पोत चढवायच्या. बर्फ न्यायला येणाऱ्या मासेवाल्या बायकांमध्ये मावशी होत्या. तीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन थळपासून गावोगाव हिंडलेल्या. दोन्ही गुडघे गेल्यावर त्याच मला म्हणाल्या, "तुला बरफ कलतो, मना मासली कलते. बसूया का एका जागेवर?" आमची भागीदारी ती एवढ्याच बोलण्यावर. कागद नाही, स्टॅम्प नाही. त्यांनी दोन पाटल्या गहाण ठेवल्या, मी प्रॉव्हिडंट फंड काढला. एक गाळा, चिंचेच्या लाकडाचा एक ओंडका, मावशींचे दोन कोयते आणि बर्फ भरडायचं एक जुनं मशिन, एवढ्यावर उभे राहिलो.

त्या मशिनविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आत दात असलेला रूळ, वर लादीचा तुकडा टाकायचा, खालून चुरा. बहुतेक दुकानांत लादी हातोड्याने फोडून मोठाले खडे मासळीवर टाकतात. खड्याचे कोपरे माशाच्या अंगात रुततात, आणि दोन खड्यांच्या मधे जी हवा राहते तिथे मासा गरमच राहतो. बारीक चुरा अंगाला सगळीकडून चिकटतो. एक किलो मासळीला एक किलो बर्फ, आमच्या हवेत यात काटकसर नाही. आणि पेटीला खाली भोक हवंच. वितळलेलं पाणी वाहून गेलं पाहिजे, ते साठलं की मासा त्यात फुगतो, रंग उडतो, कल्ले पांढरे पडतात. मी आजही नवीन पोरगा कामावर ठेवला की आधी पेटीचं भोक साफ करायला सांगतो. वजनकाटा नंतर शिकवतो.

मावशींचं ज्ञान वेगळं. त्या पंचांग बघून मासळीची ऑर्डर द्यायच्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ, डोलीच्या, म्हणजे पाण्याच्या ओढीवर भरणाऱ्या पिशवीसारख्या, जाळ्यात बोंबील, करंदी, जवळा भरभरून. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद, मग डोलवाल्यांकडे फार अपेक्षा ठेवायची नाही. मी सुरुवातीला भांगाच्या दिवशी रविवार आहे म्हणून चार पाट्या बोंबील सांगून बसायचो, आणि दलाल लांबच्या बंदरावरचा बर्फात दोन दिवस पडलेला माल गळ्यात मारायचा. मावशी बोंबलाचं तोंड उघडून दाखवायच्या. ताजा असेल तर अंगावर गुलाबी झाक आणि तोंड लालसर. पांढराफट्ट, गळलेला असेल तर तो मच्छी नव्हे, पाणी.

टेबलं ठरवून आली नाहीत. शनिवार-रविवारी मुंबईहून आलेली माणसं कॉटेजवर उतरायची, दुकानातली मासळी बघून हरखायची आणि विचारायची, "इथे कुठे तळून मिळेल का?" माझ्या बायकोने मागच्या पडवीत स्टो मांडला. पहिल्या दिवशी दोन बाकं आणि शेजाऱ्याकडून आणलेली ताटं. तांदळाची भाकरी, आगरी मसाल्याचं कालवण, तव्यावर तुकडी. बोंबील मात्र आदल्या दोन तासांत चिरून, फडक्यात घालून, पाट्याखाली दाबून ठेवलेला. त्यातलं पाणी निघाल्याशिवाय रव्यात घोळवायचा नाही, नाहीतर तव्यावर लगदा होतो. २००८ पर्यंत सहा टेबलं झाली. पुढची दहा वर्षं बरी गेली, त्यांत सांगण्यासारखं फार नाही. नोटाबंदीच्या नोव्हेंबरात उधारीची वही जाड झाली. जीएसटी आल्यावर हिशेब दोन ठिकाणी लिहायला लागलो, कारण काउंटरवरच्या ताज्या मासळीला कर नाही आणि तीच तव्यावर गेली की ५ टक्के.

२०१८ साली समोर तो आला. नाव लिहीत नाही. काचेचा दर्शनी भाग, निळे दिवे, आत टाकीत पोहणाऱ्या चिंबोऱ्या. आमच्यासारखंच, दुकान आणि जेवण एकत्र. स्पर्धेचं मला वाईट वाटलं नाही, बाजारात दहा मासेवाल्या शेजारी शेजारी बसतात. वाईट वाटलं ते त्याच्या तोंडाचं. त्याच पावसाळ्यात गोव्याच्या बाजारात मासळी टिकावी म्हणून फॉर्मेलीन नावाचं विषारी रसायन मारतात म्हणून मोठा गवगवा झाला होता, लोक आधीच धास्तावलेले. याने रिक्षावाल्यांना, कॉटेजवाल्यांना कमिशन दिलं आणि सोबत एक वाक्य दिलं : "तिकडे जाऊ नका, कालचं उरलेलं खपवतात." मला हे एका रिक्षावाल्यानेच येऊन सांगितलं, त्याला राहवलं नाही म्हणून. मासेमारीची पावसाळी बंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली, श्रावण संपला, गणपतीही गेले, आणि सीझन सुरू व्हायच्या वेळी आमच्या सहा टेबलांपैकी चार रिकामी. रविवारी दुपारी दीड वाजता रिकामी. ज्याने हे पाहिलंय त्यालाच त्याचा अर्थ कळेल. मी त्याला एकदा विचारायला गेलो. चहा पाजला, हसला, म्हणाला धंदा आहे. ते हसणं मी विसरलेलो नाही, आणि विसरायचं कारणही दिसत नाही.

आमच्याकडे एक बाई यायच्या. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. दर बुधवारी साडेबाराला, फ्रीजशेजारचं टेबल, मांदेली तळलेली, एक भाकरी, सोलकढी. मांदेली कुरकुरीत हवी, काट्यासकट खाता आली पाहिजे, नाहीतर परत पाठवायच्या. ती अफवा त्यांच्याही कानावर गेली. दुसरी कुणी असती तर येणं थांबवलं असतं. बाई गुरुवारी सकाळी सात वाजता हजर, हातात छत्री आणि खडूचा डबा. गुरुवारी गिऱ्हाईक थोडं, म्हणून तोच दिवस निवडला म्हणाल्या. खुर्ची घेऊन ओंडक्यासमोर बसल्या आणि टेम्पो आल्यापासून सगळं बघत राहिल्या. मावशींनी नेहमीप्रमाणे आधी स्वयंपाकघराची पाटी काढली, एकेक बांगडा हातात घेऊन, पोट दाबून. मी काटा केला. मग बाई उठल्या, माझ्या मुलाच्या अभ्यासाचा जुना फळा मागून घेतला आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं : 'आज स्वयंपाकघरात. बांगडा ५ किलो, मांदेली ३ किलो, सुरमई एक, ७ किलो. वेळ ७.२०.' खाली रेघ मारून, 'संपले की मिळणार नाही.'

तो फळा आम्ही दारात लावला. त्या दिवसापासून दुकान उघडं असताना एकही सकाळ चुकली नाही. एखादा पदार्थ संपला की गिऱ्हाइकासमोर ओल्या फडक्याने तेवढी ओळ पुसतो. दुकानात सुरमई पडलेली दिसत असली तरी फळ्यावरची संपली की संपली. काही लोक चिडतात, "समोर तर आहे!" आहे, ती घरी घेऊन जा, तुकड्या करून देतो. संध्याकाळी दुकानात उरलं तर बाजारच्या बायकांना वाट्यावर देऊन टाकतो, नाहीतर मीठ लावून सुकवतो. स्वयंपाकघराच्या दाराकडे ते वळत नाही.

धीर आला आणि मी मोठी उडी घेतली. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू होणार, मुंबईची गाडी थेट तासाभरात इकडे उतरणार, म्हणून बँकेचं कर्ज काढून मागची पडवी बांधून घेतली, टेबलं बारा केली, दोन मोठे डीप फ्रीझर घेतले. रो-रो सुरू झाली मार्च २०२० मध्ये. आठ-दहा दिवसांत देश बंद. बारा टेबलांवर उलट्या खुर्च्या. मे महिन्यात विचार केला की पावसाळी बंदीत निदान पार्सल चालवू, आणि होतं नव्हतं ते घालून कोलंबी, सुरमई, हलवा मिळून साडेतीनशे किलो माल फ्रीझरला भरला.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. पत्रे गेले, माड आडवे झाले, विजेचे खांब काडीसारखे मोडले. पहिले दोन दिवस फ्रीझर उघडलाच नाही, वर गाद्या टाकल्या. जनरेटर मिळेना, मिळाला तर डिझेल मिळेना. बर्फाचा कारखानाही विजेवरच. चौथ्या दिवशी झाकणाखालून पाणी आलं. मावशींनी हात घातला, एक कोलंबी काढली, डोकं धडापासून सैल झालेलं. वास अजून आला नव्हता. तेवढ्यात एकजण आला, म्हणाला, सगळं मला द्या, मसाला लावून खपवतो, अर्ध्या भावात नगद. खोटं कशाला बोलू, कर्जाचा हप्ता डोळ्यांपुढे होता, मी गप्प राहिलो. मावशी म्हणाल्या, "फल्यावर काय लिवशील?" मागच्या वाडीत खड्डा खणला, सगळं ओतलं, वर चुना टाकला. ओतताना फ्रीझरचं झाकण मी धरलं होतं, त्याची थंड कड अजून बोटांना आठवते.

हप्त्यांना ऑगस्टपर्यंत सवलत मिळाली, व्याज मात्र चढत राहिलं. जूनच्या शेवटी बाई मास्क लावून आल्या आणि पाकीट ठेवलं. ५२ बुधवारांचे पैसे आगाऊ. पावती मागितली, आणि पावतीवर 'मांदेली नसल्यास बांगडा चालेल' असं लिहून घेतलं. त्या पैशातून तारेची दुरुस्ती आणि पहिला बर्फ आला.

इथे थोडं सांगतो, कुणी विचारलेलं नसलं तरी. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्या बंद असतात. त्या दिवसांत ताजं पापलेट मागू नका. कुणी ताजं म्हणून दिलंच, तर ते कुठून आलं हे विचारा. तेव्हा वलगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात ओढ्या-शेतांत चढणारे मासे खा, खारेपाटातल्या, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीतल्या, तळ्यातला जिताडा खा, सुके बोंबील आणि सोडे, म्हणजे सुकवलेली सोललेली कोलंबी, खा. बांगडा उन्हात तासन्‌तास पडलेला असेल तर कितीही उकळा, त्यात तयार झालेलं विष आचेने जात नाही. अंगावर गांधी उठतात, तोंड लाल होतं, आणि लोक म्हणतात मला माशाची ॲलर्जी आहे. ॲलर्जी नव्हे, बर्फ कमी पडला होता. आणि तळहाताहून लहान पापलेट विकत घेऊ नका. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने त्याला राज्यमासा ठरवलं, आम्ही लहान पापलेट घेणं त्याआधीच बंद केलं होतं. नव्याने दुकान टाकणाऱ्यांनी आधी बर्फाची सोय बघावी, दिवे नंतर लावावेत.

कर्ज गेल्या वर्षी फिटलं. टेबलं मी बाराची आठ केली. बाराला पुरेल एवढी पहिल्या प्रतीची पाटी रोज निघत नाही. समोरचा अजून आहे, धंदाही चांगला चालतो त्याचा. त्यानेही दारात फळा लावलाय, 'आजची ताजी मासळी'. खडूचा नव्हे, फ्लेक्सवर छापलेला. पावसाळ्यातही त्यावर तेच पापलेट, तीच सुरमई.

मावशी आता ओंडक्याशी बसत नाहीत, काउंटरमागे खुर्चीवर असतात, पण पाटीला त्यांचा हात लागल्याशिवाय ती आत जात नाही. बाईंना जिना उतरवत नाही. बुधवारी साडेबाराला त्यांचा डबा माझा मुलगा घेऊन जातो, आणि सोबत फळ्याचा फोटो दाखवतो. गेल्या बुधवारी त्यांनी 'मांदेली'वरचा राहिलेला अनुस्वार देऊन फोटो परत पाठवला. उद्या पौर्णिमा आहे. डोलवाल्याला बोंबलाच्या दोन पाट्या जास्त सांगितल्यात, त्यातली पहिली आत जाईल.