"दोनच तर ओढतो मी"

हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की शेवटी आज लिहायलाच बसले. ऑफिसातली पोरं, सोसायटीतले काका, आमच्या घरातलेच दोघं, सगळ्यांचं तेच, अगं मी काय पाकीटच्या पाकीट फुंकणारा नाहीये, जेवल्यावर एक आणि संध्याकाळी चहासोबत एक, तेवढ्याने काय होतंय. आणि मला खरी काळजी ह्याच लोकांची वाटते, कारण पाकीट संपवणाऱ्याला निदान आपल्याला व्यसन लागलंय हे कळत तरी असतं, ह्यांना तेही वाटत नाही.

हार्टचं गणित असं चालत नाही हो. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आधीचे कितीतरी अभ्यास एकत्र करून एक मोठा अभ्यास आला, त्यात दिसलं की रोज २० सिगरेटी ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा धोका जितका वाढतो, त्याच्या जवळपास निम्मा रोज फक्त १ ओढणाऱ्याचाही वाढतो. म्हणजे २० वरून १ वर आलात तरी धोका विसाव्या हिश्श्यावर येत नाही. कारण रक्त चिकट व्हायला, गुठळी धरायला आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा व्हायला थोडासा धूरसुद्धा पुरतो. माझा मावसभाऊ, चाळिशी नुकतीच लागलेली, शुगर नाही बीपी नाही, त्याला ॲटॅक आला, प्लास्टी झाली, आणि आयसीयूबाहेर मावशी सगळ्यांना एकच सांगत होती की अरे तो तर दोन-तीनच ओढायचा. त्या माऊलीला काय उत्तर देणार.

गावाकडे अजून एक ऐकायला मिळतं, बिडी बरी, नुसतं पान आणि तंबाखू. अजिबात नाही! तेंदूच्या पानाची बिडी पटकन विझते म्हणून सारखे आणि जोरात झुरके घ्यावे लागतात, त्यामुळे निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साईड सिगरेटीइतकंच किंवा जास्तच आत जातं. बर्जर नावाचा आजार आहे, बिडी-सिगरेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांमध्ये जास्त दिसतो, आधी चालताना पोटऱ्या दुखतात, मग बसल्या जागीही दुखतं, मग पायाची बोटं काळी पडतात आणि कापावी लागतात. ह्यात कमी करून भागत नाही, पूर्ण सोडली तरच आजार थांबायची आशा असते.

सुट्टी सिगरेट विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे, पण टपरीवर दोरीला बांधलेला लायटर आजही लटकतोच. बंदीमागचं कारण मला फार पटतं, पाकिटाच्या ८५ टक्के भागावर जे भयंकर चित्र असतं ते सुट्टी घेणाऱ्याला कधी दिसतच नाही, आणि पाकिटावर छापलेला व्यसन सोडायचा टोल फ्री नंबर पण नाही. म्हणून तो इथे लिहिते, १८००-११-२३५६.

आता उशीर झाला असं म्हणू नका प्लीज. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवरच १९५१ पासून पन्नास वर्षं अभ्यास झाला, त्यात ओढणारे सरासरी १० वर्षं आधी गेले, पण तिशीत सोडणाऱ्यांनी ती जवळपास सगळी वाचवली, चाळिशीत सोडणाऱ्यांनी ९, पन्नाशीत ६, आणि साठीला सोडली तरी ३ वर्षं. आजोबा झालेल्या माणसाला तीन वर्षं म्हणजे किती असतात ते त्याच्या नातवंडांना विचारा.

सोडताना पहिला आठवडा जड जातो, चिडचिड होते, झोप लागत नाही, सारखं खावंसं वाटतं, घरच्यांनी तेवढे दिवस समजून घ्या, टोमणे मारू नका. तलफ येते ती काही मिनिटांची असते, तेवढी निभावली की उतरते. निकोटीनचा गम मेडिकलमध्ये मिळतो (हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा), पण तो च्युइंगगमसारखा चावत बसायचा नसतो, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा, कमी झाल्या की परत थोडा चावायचा. आणि चहावाल्यांसाठी खास सांगते, चहा-कॉफीने तोंडातलं निकोटीन नीट शोषलं जात नाही, त्यामुळे चहा झाल्यावर १५ मिनिटं जाऊ द्या आणि मगच गम तोंडात टाका, नाहीतर गमने काही फरकच पडत नाही म्हणत पुन्हा टपरीवर जाल.