जुन्या ट्रकचे कूलंट नेमके कुठे जाते?

रेडिएटरमधील कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची पातळी उतरते, खाली जमीन कोरडी असते, आणि लगेच निदान होते ते हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचे हेड आणि ब्लॉक यांच्यामधला ज्वलनाचा वायू व कूलंट वेगळे ठेवणारा थर, गेल्याचे. माझ्या जुन्या डिझेल ट्रकच्या बाबतीतही मला हाच सल्ला मिळाला होता. मात्र थंड इंजिनावर दाबाची चाचणी झाल्याशिवाय हेडच्या एकाही बोल्टला पाना लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत आधी कूलंट केव्हा कमी होते हे पाहावे. इंजिन पूर्ण थंड असताना पातळीवर खूण करावी आणि ती रात्रभर उभ्या गाडीत उतरते की चढावर ओझे ओढताना, याची नोंद ठेवावी. उभ्या गाडीत उतरत असेल, तर होज, क्लिप आणि वॉटर पंप यांच्यावर संशय घ्यावा. केवळ ओझ्याखाली उतरत असेल, तर रेडिएटरचे झाकण किंवा कूलंटमध्ये शिरणारा वायू, अशा दोन शक्यता प्रथम तपासाव्यात.

दाबाच्या चाचणीसाठी हातपंप आणि दाबमापक असलेले साधे उपकरण पुरते. झाकणावर जो दाब लिहिलेला असतो तेवढाच द्यावा, कारण जुना रेडिएटर त्याहून अधिक दाबाने फुटू शकतो. इंजिन थंड असण्याला महत्त्व आहे, कारण तापल्यावर धातू प्रसरण पावून बारीक फटी मिटतात आणि जो थेंब बाहेर येतो तोही गरम पृष्ठभागावर वाळून जातो. मागे राहतो तो फक्त पांढरट किंवा रंगीत थर. दाब देऊन पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि काटा उतरत असेल तर टॉर्च घेऊन होजची टोके, रेडिएटरच्या टाकीचा सांधा, ब्लॉकवरील गंजलेले कोअर प्लग (ब्लॉकची छिद्रे बंद करणाऱ्या धातूच्या चकत्या) आणि वॉटर पंपाच्या खालचे छोटे छिद्र पाहावे. हे छिद्र पंपाचे सील झिजल्यावर कूलंट बेअरिंगमध्ये न जाता बाहेर पडावे यासाठीच ठेवलेले असते, त्यामुळे तेथे ओल दिसली तर ते बुजवू नये, पंप बदलावा. केबिनमध्ये गोडसर वास येत असेल आणि काचेवर आतून चिकट धुके धरत असेल, तर गळती हीटरमध्ये आहे.

झाकणाचीही चाचणी घ्यावी. कूलंट आणि पाणी यांचे अर्धे-अर्धे मिश्रण खुल्या हवेत साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळते. झाकणाने दाब धरला, तर हा बिंदू बराच वर जातो. झाकणाची स्प्रिंग सैल झाली की निरोगी इंजिनसुद्धा कूलंट बाहेर टाकते. म्हणूनच गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये: दाब सुटताच आतले द्रव क्षणात उकळून अंगावर येते.

काटा उतरतो पण बाहेर काहीच ओले नाही, अशी स्थिती असेल तर ऑइल पाहावे. गाडी रात्रभर उभी ठेवून इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरचा ड्रेन प्लग किंचित सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्यामुळे ते असेल तर आधी बाहेर येते. ओल्या लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या नळीला बाहेरून थेट कूलंट लागते अशा जुन्या डिझेल इंजिनात याची दोन कारणे नेहमी आढळतात. एक म्हणजे लायनरच्या तळाच्या ओ-रिंग, म्हणजे रबरी सीलच्या कड्या, कडक होणे. दुसरे कारण अधिक घातक असते: प्रत्येक ज्वलनाबरोबर लायनर कंप पावतो, त्याच्या बाहेरील बाजूस कूलंटमध्ये बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि हळूहळू धातूला खड्डे पडत अखेरीस आरपार छिद्र होते. योग्य संरक्षक द्रव्य असलेले कूलंट न वापरता नुसते नळाचे पाणी भरत राहिल्यास हे लवकर घडते.

आता बुडबुड्यांकडे वळू. थंड इंजिनाचे झाकण काढून ते सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केटचा संशय रास्त आहे. मात्र एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये आणखी एक भाग त्याच कूलंटवर थंड होतो, आणि तो म्हणजे एअर कॉम्प्रेसर. त्याच्या हेडचे गॅस्केट गेले तर दाबाखालची हवा कूलंटमध्ये शिरते. फरक ओळखणे सोपे आहे: टाक्या भरून कॉम्प्रेसर हवा भरणे थांबवतो तेव्हा बुडबुडेही थांबतात, आणि ब्रेक दाबून हवा कमी केली की ते पुन्हा येतात. माझ्या ट्रकमध्ये नेमके हेच दिसले, आणि इंजिनाचे हेड उघडावेच लागले नाही.

अशा दोषात इंजिन बंद असताना कूलंट उलट दिशेने हवेच्या नळीतही जाऊ शकते. त्यामुळे कॉम्प्रेसर दुरुस्त केल्यावर प्रत्येक एअर टाकीचा ड्रेन उघडून पाहावा, आणि रंगीत किंवा चिकट पाणी आढळल्यास नळ्या साफ करून हवेतील ओल शोषणाऱ्या एअर ड्रायरचे कार्ट्रिज बदलल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.