रिलॅक्सेशनमध्ये जे दिसलं, ते लिहायला फॉर्मवर जागाच नव्हती

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या नाईट शिफ्टनं माझी झोप पार उडाली होती, म्हणून समुपदेशक मॅडमकडे रिलॅक्सेशन शिकायला लागलो. अमेरिकन डॉक्टर जेकबसनची पद्धत, म्हणजे एकेक स्नायू आवळायचा आणि सोडायचा, पटकन जमली. जर्मन मनोविकारतज्ज्ञ शुल्ट्झचं ऑटोजेनिक, म्हणजे मनातल्या मनात स्वतःलाच सूचना देणं, तेही जमलं: हात जड, हात उबदार, कपाळ गार.

एका संध्याकाळी हात जड झाले आणि मिटल्या डोळ्यांपुढे घाटाच्या पायऱ्या आल्या. खाली गुडघाभर पाण्यात काळा बैल उभा, माझ्याकडे बघत. अंगावर काटा आला, तरी नमस्कार करावासा वाटला. डोळे उघडले तर रडत होतो आणि कित्येक महिन्यांनी जबडा सैल होता.

झोपेच्या गोळीसाठी मॅडमनी दवाखान्यात पाठवलं आणि तिथं सगळं अडलं. फॉर्मवर प्रश्न: 'नसलेल्या गोष्टी दिसतात का? हो / नाही.' हो म्हणावं तर भास, नाही म्हणावं तर खोटं. मी समासात लिहिलं, 'डोळे मिटून, व्यायामात, हवं तेव्हा थांबवता येतं.' काउंटरवरून फॉर्म परत: "दादा, फक्त टिक करा." नवा फॉर्म, पुन्हा रांग. 'हो' केलं, तर डॉक्टरांनी मान वर न करता पहिला सल्ला दिला, रिलॅक्सेशन बंद करा. ज्यानं जबडा सुटला, तेच बंद! आजही आठवलं की संताप येतो. घरी काकू म्हणाल्या, वणीच्या गडावर जाऊन ये. गडावर मी श्रद्धेनं जातोच, पण बैल काय सांगतोय हे मला समजून घ्यायचं होतं.

मॅडमनी स्विस मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंगचं सांगितलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. 1913 नंतर आतल्या प्रतिमांना सामोरं जाताना तोही योगाचे व्यायाम करायचा, पण मन थाऱ्यावर येईपर्यंतच. मग थांबून पुन्हा प्रतिमांकडे वळायचा. त्या पुसून टाकणं हा त्याचा हेतूच नव्हता. मीही आता तेच करतो: शरीर सैल झालं की सूचना थांबवतो, दिसेल ते बघतो, उठल्याबरोबर तारीख टाकून लिहितो.

उघड्या डोळ्यांनी, न बोलावता काही दिसायला लागलं तर मात्र मनोविकारतज्ज्ञ गाठा, त्यात उशीर नको. आणि फॉर्म भरायला जाताना आपला अनुभव वेगळ्या कागदावर लिहून न्या, फायलीला लावा म्हणून हट्ट धरा. झेरॉक्स आधीच काढा, मूळ कागद परत मिळत नाही.