तम्मूजातला पाऊस

वाल सोलायला बसलं की दुपार कशी सरते ते कळत नाही. मोड आलेला दाणा कोमट पाण्यातून उचलायचा, मोडाच्या उलट टोकाला अंगठ्याने दाबायचा, की डाळिंबी सालातून टुणकन बाहेर. पाणी फार गरम असलं तर दाणा अर्धवट शिजतो आणि दाबताच त्याची दोन डाळं होतात. गार असलं तर साल सुटत नाही. पुढे नारळाचं दूध घातल्यावर पळी लावायची नाही, पातेलंच हलवायचं. हे रायगडातल्या माणसाला सांगायला नको. पण जेरुसलेमचं मंदिर दोनदा उद्ध्वस्त झालं त्या शोकाच्या उपासाला कोकणातल्या बेने इस्रायलींनी, म्हणजे इथल्या यहुदी समाजाने, नाव दिलं ते याच पदार्थाचं: बिरड्याचा रोजा.

हा रोजा यहुदी पंचांगातल्या अव महिन्याच्या नवमीचा, म्हणजे भर पावसाळ्यातला. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंत अन्न नाही, पाणीही नाही. नवमी शनिवारी आली तर शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाला, शोक चालत नाही म्हणून उपास रविवारवर ढकलतात. अशा वर्षी खरी परीक्षा वालांची. शनिवारी चूल नाही, सोलणंही नाही, आणि मुंबईत त्या सुमारास शुक्रवारचा दिवा सातच्या आत, सूर्यास्ताआधी 18 मिनिटं लागतो. बिरडं त्याआधीच व्हायला हवं असेल तर वाल मंगळवारी रात्रीच भिजत पडलेले बरे. पावसाळी गारव्यात मोडांना दीड-दोन दिवसही लागतात, आणि पुरचुंडीतलं पाणी नीट निथळलं नाही तर मोडांऐवजी बुळबुळीत वासच यायचा.

चंद्राचंही तेच. दर महिन्याला वाढता चंद्र पाहून, उघड्यावर उभं राहून एक आशीर्वचन म्हणायचं असतं. चंद्र दिसायलाच हवा; पातळ ढगातून स्पष्ट कळला तरी चालतो. अवमध्ये मात्र नवमीचा शोक संपेपर्यंत थांबायची रीत आहे, आणि पौर्णिमा उलटली की मुदत संपली. उरतात जेमतेम पाच-सहा रात्री, त्याही जुलै-ऑगस्टातल्या. एवढ्या रात्रींत ढग फाटले नाहीत तर त्या महिन्याचं आशीर्वचन राहिलंच. ते भरून काढायची सोय नाही.

पंचांग मात्र आपल्या इतकं जवळचं की गंमत वाटते. महिने चांद्र, अमावास्येनंतर सुरू होणारे, आणि 19 वर्षांत 7 अधिक मास. फरक एवढाच की आपला अधिक महिना फिरता, त्यांचा जागचा: नेहमी फेब्रुवारी-मार्चातल्या अदारचाच. म्हणून दोन्ही पंचांगं कधी हातात हात घालून चालतात, कधी एका महिन्याने चुकतात. 2023 मध्ये आपला अधिक श्रावण झाला होता, त्यांचा अधिक अदार 2024 वर होता. म्हणून त्यांचं नवं वर्ष 16 सप्टेंबरला, गणपतीच्या तीन दिवस आधी लागलं. 2024 आणि 2025 ला गाडी रुळावर आली आणि दोन्ही वर्षी दसरा आणि योम किप्पूर, त्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस, एकाच दिवशी. बेने इस्रायलींच्या मराठीत योम किप्पूर म्हणजे दरफाळणीचा सण. दारं लावून घेऊन दिवसभर उपास आणि प्रार्थना. दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्माचा आणि भेटीगाठींचा. पुरीम हा त्यांचा आनंदाचा सण होळीच्या पौर्णिमेला टेकून येतो, म्हणून तो होळीचा सण. छापील प्रार्थनापुस्तकं हाती नसताना या शनिवार तेल्यांनी (शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून बेने इस्रायलींना पडलेलं नाव) वर्ष टिकवलं ते अशा नावांवर आणि स्वयंपाकघरावर, असं माझं मत आहे. पोथी हरवते, बिरडं हरवत नाही.

जमत नाही ते पावसाशी. सुक्कोथ या मांडवांच्या सणाचा मांडव कोजागिरीच्या आसपास उभा राहतो. वर तोडलेल्या झावळ्या, सावली उन्हापेक्षा जास्त, पण सरीसारखा पाऊस आत येऊ देईल इतपतच दाट. झावळ्या सुकून आक्रसतात, म्हणून पहिल्याच दिवशी थोड्या जास्त टाकाव्यात. परतीचा पाऊस ताटात पडून जेवण नासायला लागला तर घरात जायची मुभा आहे. आणि हा सण सरता सरता, कोकणात शेवटच्या सरी ओसरत असताना, प्रार्थनेत पाऊस सुरू होतो.

कारण प्रार्थना इस्रायलच्या आभाळावर बेतलेली. तिथे पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल. सुक्कोथला जोडून येणाऱ्या शेमिनी अत्सेरेथपासून वसंतातल्या पेसाह सणापर्यंत, अमीदा या उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनेच्या दुसऱ्या आशीर्वचनात ‘मोरीद हगेशेम’, पाऊस पाडणारा. उरलेलं वर्ष सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या यहुद्यांच्या) रिवाजात ‘मोरीद हताल’, दव पाडणारा. जिभेला वळण पडलेलं असतं, त्यामुळे बदल झाल्यावर पहिले 30 दिवस काय म्हटलं ते आठवेना तर चुकलंच असं धरायचं. यावर जुना उपाय असा की पहिल्याच दिवशी तेवढा तुकडा 90 वेळा घोकून टाकायचा. हिवाळ्यात पावसाऐवजी दव म्हटलं तर निभावतं. उन्हाळ्यात पाऊस म्हटला आणि ते आशीर्वचन पुरं झालं, तर अख्खी अमीदा पहिल्यापासून. त्यामागचं कारण शास्त्रात दिलेलं आहे: उन्हाळ्यातला पाऊस हे संकट.

मग ज्यांची शेती उन्हाळी पावसावर आहे त्यांनी काय करायचं? हा प्रश्न निनवेच्या लोकांनी विचारल्याचं तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथाच्या तआनीथ प्रकरणात आहे: आम्हाला तम्मूजातही पाऊस लागतो, आम्ही कुठे मागावा? उत्तर मिळालं की तुम्ही एकट्यादुकट्यासारखे. ‘शोमेअ तेफिला’ या, ज्याच्या त्याच्या मागण्यांच्या आशीर्वचनात मागा. तम्मूज म्हणजे जून-जुलै. अलिबाग, पेण, रोह्याच्या भाताला हे उत्तर अगदी चपखल बसतं. आता बहुतेक बेने इस्रायली इस्रायलमध्ये आहेत. तिथे पुस्तकातला आणि आभाळातला पाऊस एकदम येतो.

तरी उन्हाळी पाऊस संकट, हे वाक्य कोकणाला परकं म्हणून सोडून देता येत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात महाड तालुक्यात जुई आणि दासगाववर दरडी कोसळल्या, माणसं गाडली गेली. यहुदी पंचांगात त्या दिवशी तम्मूजची 19 तारीख होती.